पडकी भिंत कोणत्या योजनेत बसते?

२०२५ची गणेशचतुर्थी सुरू होऊन काही मिनिटेच झाली होती. मध्यरात्रीच्या सुमारास विरार पूर्वेच्या विजय नगरातील रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा एक भाग खाली आला आणि सतरा माणसांचा जीव गेला. इमारत अनधिकृत होती. बांधली होती २०१२च्या आसपास. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६५अ सांगते, की तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण मालकाने किंवा भोगवटादाराने करून घ्यावे. रमाबाई अपार्टमेंट त्या वयाच्या निम्म्यापर्यंतही पोहोचली नव्हती.

ही काही पहिली वेळ नव्हे. मुंब्र्याची लकी कंपाउंडमधली इमारत एप्रिल २०१३ मध्ये पडली तेव्हा ७४ जण गेले, महाडची तारिक गार्डन ऑगस्ट २०२० मध्ये पडली तेव्हा १६. त्यानंतर महिनाभरातच भिवंडीत जिलानी इमारत कोसळली. प्रत्येक वेळी बिल्डरवर गुन्हा दाखल होतो, धोकादायक इमारतींची यादी नव्याने निघते, नोटिसा चिकटवल्या जातात. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. दरवर्षी दिल्लीहून महापालिकेला, नगरपरिषदेला, ग्रामपंचायतीला अनुदान येते. त्यातले किती रुपये मोडकळीस आलेल्या इमारतींवर खर्च करता येतात, आणि केले जातात?

विरार ज्या पालघर जिल्ह्यात येते, तिथे या प्रश्नाचे उत्तर शोधायला गेले, की पैशांपेक्षा पैशांवर लावलेल्या अटीच आधी समोर येतात.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशभरातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना ४,३६,३६१ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यात ग्रामीण भागाचा वाटा २,३६,८०५ कोटी आणि शहरी भागाचा १,२१,०५५ कोटी. या रकमेचे दोन भाग होतात: बंधित आणि अबंधित. बंधित म्हणजे पाणी, स्वच्छता, घनकचरा यांवरच खर्च करायचा पैसा. अबंधित म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे वापरायचा, पण पगार आणि आस्थापनेवर मात्र नाही. ग्रामपंचायतीला आणि लहान शहरांना साठ टक्के बंधित, चाळीस टक्के अबंधित असे प्रमाण ठरले. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरी समूहांसाठी वेगळा नियम झाला. त्यांच्या वाट्याचा एक तृतीयांश पैसा हवेच्या गुणवत्तेसाठी, उरलेला दोन तृतीयांश पाणी आणि स्वच्छतेसाठी. अबंधित काहीच नाही.

वसई-विरारची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत बारा लाखांच्या वर गेली होती, त्यामुळे हे शहर या मोठ्या गटात बसले. परिणाम विचित्र झाला. कोसळलेल्या इमारतीचा राडारोडा उचलून त्यावर प्रक्रिया करण्याचा खर्च हवेच्या गुणवत्तेच्या कामांत बसू शकतो, कारण त्याची धूळ उडते. तीच इमारत उभी असताना तिचे परीक्षण करणे, रहिवाशांना संक्रमण निवारा देणे, ती सुरक्षितपणे उतरवणे यासाठी त्या अनुदानात रकाना नाही. दिल्लीत बसून आखलेल्या चौकटीत पडल्यानंतरच्या धुळीची सोय आहे, पडण्याआधीच्या भिंतीची नाही. धोकादायक इमारत रिकामी करण्याचा खर्च मग पालिकेच्या स्वतःच्या तिजोरीतून, म्हणजे मालमत्ता कर आणि राज्याच्या अनुदानातून यायला हवा. आणि खर्चाचा अग्रक्रम ठरवणारे सभागृह? वसई-विरारच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली. रमाबाई अपार्टमेंट पडली तेव्हा शहराचा कारभार पाच वर्षे प्रशासकाच्या हाती होता. आपल्या प्रभागातली अमुक इमारत यादीत का नाही, असे भर सभेत विचारायला नगरसेवकच नव्हता.

पालघर शहर आणि बोईसर यांच्यात रेल्वेने एकच स्थानक आहे, उमरोळी. कायद्याने पाहिले तर मात्र ही दोन वेगळी जगे आहेत. पालघरला नगरपरिषद आहे. नगरपरिषदेच्या १९६५च्या अधिनियमात कलम १९५ आहे, त्याखाली पडायला आलेल्या इमारतीच्या मालकाला नोटीस देता येते. बोईसर मात्र अजूनही ग्रामपंचायत आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतले कामगार, अणुऊर्जा केंद्राशी जोडलेली कुटुंबे, बाजारपेठ, बहुमजली इमारती, भाड्याच्या खोल्यांच्या लांबच लांब चाळी, हे सगळे असूनही कागदावर ते गाव आहे. नगरपरिषद व्हावी ही मागणी जुनी आहे. तोवर चार-पाच मजली इमारतीला तडा गेला, तर तो पाहायला ग्रामपंचायतीकडे स्वतःचा बांधकाम अभियंता नसतो. बांधकाम परवानगीचा विषय महसूल आणि नगररचना विभागाकडे. रस्त्याच्या पलीकडे औद्योगिक वसाहत सुरू झाली, की तिथे नियोजन प्राधिकरण एमआयडीसी. कारखान्याच्या आतल्या सुरक्षिततेला औद्योगिक सुरक्षा संचालनालय, सांडपाण्याला प्रदूषण नियंत्रण मंडळ. एका भिंतीबद्दल तक्रार करायची तर आधी ती भिंत कुणाच्या हद्दीत येते, हेच शोधत बसावे लागते.

ग्रामपंचायतीच्या हातात एक गोष्ट मात्र आहे, आणि ती फारशी वापरली जात नाही. अबंधित निधी राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या विषयांवर खर्च करता येतो. त्या एकोणतीस विषयांत ग्रामीण गृहनिर्माण आहे, प्राथमिक आणि माध्यमिक शाळा आहेत, आणि शेवटचा विषयच सामुदायिक मालमत्तेची देखभाल हा आहे. म्हणजे गळकी अंगणवाडी, भेगा पडलेले समाजमंदिर, शाळेची वाकलेली कौले यांच्यासाठी वाट मोकळी आहे. वसई-विरारला जे मिळत नाही, ते बोईसरला मिळते. तरी गावोगावच्या आराखड्यांत पेव्हर ब्लॉक, गटारे आणि कमानी यांची कामे जितकी दिसतात, तितकी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची दिसत नाहीत. दुरुस्तीचे उद्घाटन होत नाही, हे त्याचे साधे कारण असावे.

घरांकडे वळले, की केंद्राचा पैसा सर्वांत ठळक दिसतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. साठ टक्के केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे. शिवाय रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. पालघरमधल्या कातकरी कुटुंबांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत घराची मदत दोन लाखांची आहे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर सिमेंट, वाळू आणि पत्रे पोहोचवण्याचा वाहतूक खर्च पाहिला तर ही रक्कम फार नाही. पण ती थेट बँक खात्यात हप्त्याहप्त्याने येते, आणि प्रत्येक हप्त्याआधी घराचा फोटो अक्षांश-रेखांशासह अपलोड करावा लागतो. कुटुंबाच्या जुन्या झोपडीचासुद्धा.

ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. एका कातकरी कुटुंबाला काही हजारांचा हप्ता देताना सरकार त्याच्या आधीच्या झोपडीचे छायाचित्र मागते, जागेची नोंद करते, ग्रामसभेची मंजुरी घेते, पुढे सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद ठेवते. गरिबाच्या घराचा हिशेब भिंतीपर्यंत जाऊन घेता येतो, हे यातून सिद्धच झाले आहे. मग सार्वजनिक इमारतींचा हिशेब तसा का घेतला जात नाही?

घरकुलाच्या नियमात आणखी एक फट आहे, आणि ती पालघरच्या गावांत डोळ्यांना दिसते. ज्यांना घर नाही किंवा ज्यांच्या भिंती आणि छप्पर कच्चे आहे, अशांना ही योजना आहे. पक्के घर असलेले कुटुंब बाद. पण पक्के म्हणजे मजबूत असे नव्हे. १९८५ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेतून त्या काळी मिळालेल्या अल्प रकमांत उभी राहिलेली घरे आता तीस-पस्तीस वर्षांची झाली. त्यांच्या विटांच्या भिंती फुगल्या, किनाऱ्याजवळच्या घरांच्या स्लॅबमधली सळई खाऱ्या हवेने गंजून बाहेर आली. कागदावर ते कुटुंब पक्क्या घरात राहते. इंदिरा आवास योजनेत निधीचा एक भाग कच्ची घरे सुधारण्यासाठी राखून ठेवायची सोय होती. नव्या ग्रामीण योजनेत दुरुस्तीचा वेगळा भाग उरला नाही. केंद्राचा पैसा नवे घर बांधतो, आणि त्याच पैशाने आधीच्या पिढीत बांधलेले घर ढासळत राहते. यात भ्रष्टाचार कुठेच नाही. प्रत्येक रुपया नियमाप्रमाणे गेला आहे, म्हणूनच कोणत्याही लेखापरीक्षणात ही चूक पकडली जात नाही.

हे किती महागात पडू शकते, ते डहाणू आणि तलासरीने पाहिले. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, त्यानंतरच्या मार्चमध्ये ४.३चा. माणसे थंडीत घराबाहेर झोपू लागली, प्रशासनाने तंबू पुरवले, राष्ट्रीय संस्थांनी भूकंपमापक बसवले. या तीव्रतेचे भूकंप मजबूत बांधणीच्या इमारतींना सहसा पाडत नाहीत. पण सळई आणि पट्ट्यांशिवाय रचलेल्या विटांच्या भिंतींना पुन्हा पुन्हा बसणाऱ्या लहान धक्क्यांनी तडे जातात, आणि प्रत्येक धक्क्यागणिक ते रुंदावतात. कारवीच्या कुडाचे घर हलते, वाकते. सिमेंटचे स्वस्त घर चिरते.

आता मदतीचा नियम पाहा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यात ७५ टक्के पैसा केंद्राचा असतो. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार सपाट भागातले घर पूर्ण पडले किंवा त्याचे गंभीर नुकसान झाले तर १ लाख २० हजार रुपये. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,०००. साडेसहा हजारांत आजच्या बाजारभावाने एका भिंतीचे प्लास्टरही धड होत नाही, तडा गेलेला कोपरा उतरवून पुन्हा बांधणे तर सोडाच. हे निकष वाचताना संताप येतो, कारण हीच रक्कम थोडी आधी, घर बळकट करण्यासाठी, योग्य तांत्रिक सल्ल्यासह मिळाली असती तर तिचा उपयोग झाला असता. पंधराव्या वित्त आयोगाने आपत्ती निधीचा पाचवा हिस्सा आपत्ती सौम्यीकरणासाठी, म्हणजे संकट येण्याआधीच्या कामांसाठी वेगळा काढला आहे. जुन्या घरांची बळकटी या कामांत बसवता येईल का, हा प्रश्न डहाणूच्या लोकांनी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला लेखी विचारावा, इतका तो रास्त आहे.

शाळांची गोष्ट वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येते. जिल्हा परिषदेच्या जुन्या वर्गखोलीला धोकादायक ठरवले, की तिचे निर्लेखन करावे लागते. सरकारी मालमत्तेच्या नोंदीतून ती काढायची, पाडायची, निघालेल्या साहित्याचा लिलाव करायचा. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती कळवते, बांधकाम विभागाचा उपअभियंता पाहणी करून दाखला देतो, प्रस्ताव पंचायत समितीतून जिल्हा परिषदेकडे जातो. तोपर्यंत खोली कुलूप लावून उभीच असते. पावसाळ्यात तिच्या भिंतीला पाठ टेकून मुले उभी राहतात, सुट्टीत तिच्या मागे लपाछपी खेळतात. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावात शाळेचे छप्पर कोसळून सात मुले गेली, तेव्हा देशभर शाळांच्या इमारती तपासण्याचे आदेश निघाले. समग्र शिक्षा अभियानात साठ टक्के पैसा केंद्राचा असतो आणि त्यातून नव्या वर्गखोल्या बांधता येतात. पाडकामाला आणि पाडकामापर्यंतच्या कागदांना मात्र कुणी वाली नसतो. नवी खोली मंजूर झाली या बातमीत जुनी खोली कधी जमीनदोस्त होणार, त्याची तारीख कधीच नसते.

तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवली गेली. प्रत्येकी ५४० मेगावॅटचे हे संच २००५ आणि २००६ मध्ये व्यावसायिक पातळीवर सुरू झाले. तिथे पैसा आला तो केंद्राच्या मालकीच्या अणुऊर्जा महामंडळाचा, आणि पुनर्वसनाची जबाबदारी राज्याच्या यंत्रणेची. नव्या वसाहतीतल्या घरांचा दर्जा, नागरी सुविधा आणि मच्छीमार कुटुंबांची रोजीरोटी यांवरून वाद पेटला आणि मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. दोन यंत्रणा अशा जोडल्या गेल्या, की घर गळायला लागल्यावर पैसे दिले म्हणणारी एक आणि बांधकाम आमचे नाही म्हणणारी दुसरी समोर येते. केंद्राच्या पैशाने स्थानिक पातळीवर उभ्या राहणाऱ्या इमारतींत हा धोका कायमच असतो. बांधून झाल्यावर पुढची वीस वर्षे ती इमारत सांभाळणार कोण, हे पैसे सोडण्याआधी लिहून घ्यायला हवे.

शहरी घरांमध्ये हा धडा देशाने आधीच महागात घेतला होता. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानात झोपडपट्टीवासीयांसाठी मोठ्या प्रमाणावर घरे मंजूर झाली. महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार मार्च २०११ अखेर मंजूर १,५१७ गृहप्रकल्पांपैकी पूर्ण झाले होते फक्त २२. पालघर जिल्ह्याच्या वेशीवर, मीरा-भाईंदरमधल्या जनता नगर आणि काशी चर्च इथल्या रहिवाशांनी या योजनेखातर आपल्या झोपड्या रिकाम्या केल्या आणि संक्रमण शिबिरांत वर्षे काढली. देशात इतरत्र बांधून झालेली हजारो घरे रिकामीच पडून राहिली. २०२० मध्ये केंद्राने ती स्थलांतरित कामगारांना भाड्याने द्यायची योजना आणली, तोवर त्यांतल्या अनेकांची दारे-खिडक्याही शिल्लक नव्हत्या. मोडकळीस आलेल्या वस्तीच्या जागी येणारी नवी इमारत रिकामी राहिली, की तीच पुढची मोडकळीस आलेली इमारत होते.

अमेरिकेतही हाच प्रश्न दीर्घकाळ गाजतो आहे. तिथे १९७४च्या कायद्याने शहरांना थेट केंद्र सरकारचे सामुदायिक विकास अनुदान मिळू लागले. झोपडपट्टी आणि ओसाड इमारती हटवणे हे त्या अनुदानाच्या तीन राष्ट्रीय उद्दिष्टांपैकी एक होते आणि आहे. पैसे घेणाऱ्या शहराला आराखडा जाहीर करून नागरिकांची सुनावणी घेणे बंधनकारक असते. या सगळ्याची सर्वांत मोठी परीक्षा डेट्रॉइटमध्ये झाली. १९५० साली साडेअठरा लाख लोकसंख्येचे हे मोटारींचे शहर २०१० पर्यंत सव्वासात लाखांच्याही खाली आले आणि जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेले. २०१४ मध्ये एका कृतिदलाने शहरातला जवळपास प्रत्येक भूखंड पाहून ८४,६४१ मालमत्ता ओसाड किंवा त्या वाटेवर असल्याचे नोंदवले. मग गृहकर्जात बुडालेल्यांना वाचवण्यासाठीच्या केंद्रीय निधीतला मोठा हिस्सा पाडकामाकडे वळवला गेला. त्यावर टीका झाली, आणि ती योग्य होती: लोकांची घरे वाचवायचा पैसा घरे पाडायला का? ठेकेदारांच्या निविदा, वाढलेले दर, खड्ड्यात भरलेली माती, सगळ्यांची चौकशी झाली आणि २०१६ मध्ये केंद्राच्या अर्थखात्याने काही आठवडे पैसे थांबवले.

पण डेट्रॉइटने एक काम केले, जे पालघरला आजही करता येईल. शहराने पाडलेल्या प्रत्येक घराचा पत्ता, ठेकेदार आणि खर्च नकाशावर सर्वांसाठी खुला केला. प्रश्न विचारणाऱ्या नागरिकाला कोट्यवधी डॉलरच्या एका आकड्याशी झुंजावे लागले नाही. तो शेजारच्या रिकाम्या भूखंडाकडे बोट दाखवून विचारू शकला, की इथल्या कामाला त्या घरापेक्षा जास्त पैसे का लागले. पैसा बरोबर गेला की चूक, हा वाद त्यामुळेच खऱ्या तपशिलावर झाला.

आपल्याकडे पैशांचा माग काढण्याची व्यवस्था अलीकडे बरीच सुधारली आहे, हे मान्य करायला हवे. केंद्राच्या योजनांचा पैसा आता सार्वजनिक वित्त व्यवस्थापन प्रणालीतून जातो, राज्यात प्रत्येक योजनेला एकच खाते असते, ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतो. पण ही साखळी खात्यापाशी थांबते. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्रात लिहिले जाते, की अमुक रक्कम ज्या कामासाठी मंजूर झाली त्याच कामावर खर्च झाली. त्या गावातल्या किती इमारती धोकादायक होत्या आणि खर्चानंतर किती उरल्या, हा प्रश्न त्या प्रमाणपत्रात येतच नाही. हिशेब योजनेवार ठेवला जातो. माणसे मात्र इमारतीत राहतात आणि मुले वर्गात बसतात, म्हणून हिशेब इमारतीवार हवा.

अशी यादी शून्यातून करावी लागणार नाही. ग्रामपंचायतीकडे नमुना ८ असतो, कर आकारणीची नोंदवही. गावातली प्रत्येक इमारत, तिचे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार त्यात लिहिलेला असतो. २०१५च्या नियमांनंतर घरपट्टी भांडवली मूल्यावर ठरते आणि त्यासाठी इमारतीच्या वयानुसार घसारा धरला जातो. म्हणजे बोईसरमधली कोणती इमारत किती वर्षांची, हे ग्रामपंचायतीला कर घेताना माहीत असते. त्याच नोंदीला स्थितीचा एक रकाना जोडला, सार्वजनिक इमारतींना उपअभियंत्याच्या पाहणीची तारीख जोडली, आणि कोणत्या निधीतून कधी काय खर्च झाला ते लिहिले, की डेट्रॉइटच्या नकाशाइतकीच उपयोगी नोंदवही तयार होते. खासगी इमारतींच्या नोंदी प्रसिद्ध करताना राहणाऱ्यांच्या हक्कांचे भान ठेवावे लागेल. धोकादायक ठरवलेली इमारत म्हणजे भाडेकरूंना फुकटात बाहेर काढायची संधी, असे मालकांनी अनेक शहरांत करून दाखवले आहे. तारापूर वसाहतीतल्या कामगारांच्या चाळींत, जिथे भाड्याची साधी पावतीही मिळत नाही, तिथे हा धोका मोठा आहे. पर्यायी निवाऱ्याची तरतूद नसलेली यादी गरिबांच्या विरोधात वापरली जाते.

बंद पडलेल्या कारखान्यांचा मुद्दा याहून कठीण आहे. २०१८च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. इथे ओसाड भूखंडाची भीती कोसळणाऱ्या छपरापेक्षा त्याखालच्या मातीत अधिक असते. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी करायची आहे, आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर टाकलेला आहे. सरकारी पैसा ओतण्याआधी जबाबदार कारखानदार शोधलाच पाहिजे, ही भूमिका इथे बरोबर आहे. त्यामुळे पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे मागायची पहिली गोष्ट म्हणजे ही सहामाही यादी.

मागायची कशी, याचे उत्तर माहिती अधिकार कायद्यात आहे, आणि लोकांना वाटते त्याहून ते मोठे आहे. दहा रुपयांच्या अर्जावर कागदांच्या प्रती मिळतात हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये कामांची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. दुरुस्त झालेल्या शाळेच्या भिंतीचे प्लास्टर नखाने निघत असेल, तर त्याचा नमुना मागता येतो. निर्लेखनाचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर किती दिवसांपासून आहे, हेही विचारता येते.

जनगणनेत प्रत्येक घराची स्थिती विचारली जाते: चांगले, राहण्याजोगे की मोडकळीस आलेले. २०११ मध्ये देशातल्या सुमारे पाच टक्के कुटुंबांची घरे शेवटच्या वर्गात होती, आणि जवळपास अडीच कोटी घरे रिकामी होती. येत्या जनगणनेतही तोच प्रश्न असणार. पण १९४८च्या जनगणना कायद्याने घराघराची नोंद गोपनीय असते, त्यामुळे या माहितीतून बोईसरच्या किंवा धुंदलवाडीच्या नेमक्या घराची यादी कुणालाच मिळणार नाही. ती गावानेच करावी लागेल. त्यासाठीची वेळ ऑक्टोबरची. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा आकार घेतो. एकदा तो पोर्टलवर चढला, की अबंधित निधीतले काम बदलायला पुन्हा ग्रामसभेचा ठराव लागतो. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ला संपतो आणि त्यानंतरचे अनुदान सोळाव्या आयोगाच्या शिफारशींवर चालते. धोकादायक खोल्यांची यादी, प्रत्येकीपुढे निर्लेखनाची तारीख आणि अंदाजित खर्च, एवढे तीन रकाने आराखड्याच्या पहिल्या पानाला जोडावेत, असा ठराव मांडायला ग्रामसभेतल्या एका मतदाराचा हात पुरतो.